तारीख धरा, यादी सोडा : मुक्तस्रोत प्रकल्पातील रिलीज आणि रिपॉझिटरी कशी सांभाळावी

मागची आवृत्ती निघून अकरा महिने झाले आहेत, मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मूळ शाखेत, चारशे कमिट (नोंदवलेले बदल) साचल्या आहेत, त्यांतल्या दोन-तीन अर्धवट आहेत आणि त्या नेमक्या कोणत्या हे सांगू शकणारा माणूस सध्या परीक्षेत किंवा नव्या नोकरीत गुंतला आहे. मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ एकदा तरी आलेली असते. अशा वेळी ‘पुढची आवृत्ती कधी?’ असे कोणी विचारले, की ‘एवढे एक फीचर झाले की लगेच’ असे उत्तर दिले जाते, आणि ते एक फीचर काही होत नाही.

तीन-चार मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे), अधूनमधून हातभार लावणारे वीस-पंचवीस जण आणि कोणालाच मोजता न आलेले वापरकर्ते असा प्रकल्प समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, आहे असे गृहीत धरले आहे; तो गिटहबवर आहे, गिटलॅबवर आहे की स्वतःच्या सर्व्हरवर, याने पुढील मांडणीत फरक पडत नाही. पायऱ्या ज्या क्रमाने घ्याव्यात त्याच क्रमाने दिल्या आहेत, कारण रिपॉझिटरीची, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास जिथे राहतो त्या भांडाराची, रचना रिलीजच्या ठेक्यावरून ठरते. बहुतेक प्रकल्प याच्या उलट करतात : आधी कुठे तरी वाचलेली ब्रँचची आकृती उचलतात आणि मग तिच्यात स्वतःला बसवत राहतात.

पहिली पायरी : ठेका ठरवणे

रिलीज ठरवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कामांची यादी पक्की असते आणि ती पुरी होईल तेव्हा आवृत्ती निघते. दुसरीत तारीख पक्की असते आणि त्या दिवशी जे तयार असेल तेवढेच आवृत्तीत जाते. माझे मत सरळ दुसरीच्या बाजूने आहे. स्वयंसेवकांच्या वेळेवर कोणाचाही हुकूम चालत नाही, त्यामुळे यादी पुरी होण्याचा दिवस कोणीच सांगू शकत नाही; तारीख मात्र कोणालाही पाळता येते.

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याने, या दोन्ही रीती वापरून पाहिल्या आहेत. त्याची २.४ ही मालिका जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ साठी डिसेंबर २००३ उजाडावा लागला, मधली २.५ ही विषम क्रमांकाची मालिका केवळ विकासासाठी होती. या जवळजवळ तीन वर्षांत लिनक्सची वितरणे बनवणाऱ्यांना (कर्नलभोवती पूर्ण प्रणाली बांधून देणाऱ्यांना) थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी २.५ मधले हवे ते भाग उचलून आपापल्या २.४ मध्ये जोडले, आणि ‘२.४’ या एकाच नावाखाली एकमेकांशी पुरते न जुळणारे कर्नल फिरू लागले. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल निघतो. पहिले दोन आठवडे नवे काम आत घेतले जाते, त्यालाच मर्ज विंडो म्हणतात. त्यानंतर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स साधारण दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती, म्हणजे आरसी, काढतात, आणि सातवी किंवा आठवी आरसी झाली की मूळ आवृत्ती येते. ज्याचे काम मर्ज विंडोत पोहोचले नाही, त्याने दोन महिने थांबायचे असते.

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्याला यातली खुबी समजावून सांगावी लागत नाही. पुढची गाडी चार मिनिटांत आहे हे ठाऊक असले की माणूस फलाटावर शांत उभा राहतो. हीच शेवटची गाडी आहे असे कळले की दाराला लटकतो. अर्धवट फीचर रिलीजच्या आदल्या रात्री रेटून मर्ज करणारा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळणारा, कार्यकर्ता बेजबाबदार असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला पुढची गाडी कधी आहे हेच कोणी सांगितलेले नसते.

अंतर किती ठेवावे, याचे उत्तर आपल्या वेगापेक्षा वापरकर्त्याच्या सोयीत शोधावे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लोकांचा डेटा असतो आणि मोठ्या आवृत्तीवर जाणे हे तिथे एक स्वतंत्र काम असते, म्हणून त्या प्रकल्पाची मोठी आवृत्ती वर्षातून एकदाच येते. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) हाही ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढतो. उबंटू या लिनक्स वितरणाच्या आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांना बांधलेल्या आहेत. रस्ट ही भाषा दर सहा आठवड्यांनी निघते, पण तिच्यामागे स्वयंचलित चाचण्यांचा जो डोलारा आहे तो आपल्याकडे नसेल तर त्या वेगाच्या वाटेला जाऊ नये. लोक थेट वापरतात असे लहान अ‍ॅप असेल तर तीन महिने आणि इतरांच्या कोडमध्ये बसणारी लायब्ररी असेल तर सहा महिने, इथून सुरुवात करावी असे मी सुचवेन.

तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवावे. हातभार लावणारे विद्यार्थी असतील तर सत्रपरीक्षा, महाराष्ट्रातली मंडळी असतील तर गणपती आणि दिवाळी, परदेशातली असतील तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा, या काळात रिलीज ठेवणे म्हणजे आपणच आपल्याला एकटे पाडणे होय. पुढच्या किमान दोन आवृत्त्यांच्या तारखा रिपॉझिटरीतल्याच एका फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात.

तारीख हलवण्याची मुभाही आधीच लिहून ठेवावी, आणि ती अगदी अरुंद असावी : डेटा नष्ट होत असेल, सुरक्षेचे छिद्र सापडले असेल, जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाता येत नसेल, किंवा काल चालणारी मुख्य गोष्ट आज बंद पडली असेल, तरच. डेबियन या लिनक्स वितरणात अशा बगांना (दोषांना) रिलीज-क्रिटिकल म्हणतात आणि ते निपटल्याशिवाय स्थिर आवृत्ती निघत नाही. डेबियनचीही एके काळी फरफट झाली होती, ‘वुडी’ ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ‘सार्ज’ थेट जून २००५ मध्ये. आता गोठवणीच्या, म्हणजे नवे बदल घेणे थांबवण्याच्या, तारखा पुष्कळ आधी जाहीर होतात आणि साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. ‘अमुक फीचर फार छान आहे’ हे कारण मात्र वरच्या यादीत कधीही बसवू नये.

दुसरी पायरी : क्रमांकाचा अर्थ लिहून काढणे

आवृत्तीचा क्रमांक हा वापरकर्त्याला दिलेला शब्द असतो. सिमँटिक व्हर्जनिंग या प्रचलित पद्धतीत तीन अंक असतात : जुने काही मोडणार असेल तर पहिला वाढतो, जुने न मोडता नवे आले तर दुसरा, केवळ दुरुस्ती असेल तर तिसरा. लायब्ररीसाठी हीच पद्धत घ्यावी. लोक थेट वापरतात अशा अ‍ॅपसाठी उबंटूसारखा वर्ष-महिन्याचा क्रमांक अधिक सोयीचा, कारण २४.०४ पाहिल्याबरोबर ती आवृत्ती किती जुनी आहे ते कळते.

कोणतीही पद्धत घ्या, पण तिचा अर्थ लिहून ठेवा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ९.५ वरून ९.६ वर जाणे ही मोठी उडी असे, पण पाहणाऱ्याला ती किरकोळ वाटे. २०१७ मध्ये १० ही आवृत्ती काढताना त्यांनी पहिला अंक मोठ्या आवृत्तीसाठी आणि दुसरा दुरुस्तीसाठी असे सुटसुटीत केले. याउलट लिनक्स २.६.३९ नंतर २०११ मध्ये जो ३.० आला, त्यात मोठे असे काही बदलले नव्हते. अंक फार वाढले एवढेच कारण होते. दोन्ही निर्णय योग्यच होते, कारण दोन्ही प्रकल्पांनी आपापल्या क्रमांकाचा अर्थ उघडपणे सांगितला होता.

‘मोडणे’ म्हणजे काय, याची व्याख्याही आपणच करायची असते. फंक्शनचे नाव बदलणे हे मोडणे आहेच. पण कमांडच्या आउटपुटमधली एक रिकामी जागा काढणे हेही, कोणाची तरी स्क्रिप्ट तिच्यावर उभी असेल तर, मोडणेच असते. म्हणून सार्वजनिक भाग कोणता आणि खासगी कोणता हे दस्तऐवजात नमूद करावे. जे काढून टाकायचे आहे त्याची सूचना आधी किमान दोन आवृत्त्या चालू कोडमधून द्यावी, आणि मगच ते काढावे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आला आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मूळची २०१५ ची मुदत मध्येच वाढवावी लागली होती. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जे निभावले ते आपल्याला निभावणार नाही, म्हणून मोडतोड थोडी-थोडी आणि सांगून करावी.

तिसरी पायरी : रिपॉझिटरीची मांडणी

ब्रँचची रचना जितकी साधी तितकी चांगली. माझ्या मते लहान प्रकल्पाला तीनच प्रकार पुरतात : एक मुख्य ब्रँच, प्रत्येक मोठ्या आवृत्तीची एक रिलीज ब्रँच, आणि कामापुरत्या उघडून आठवड्या-दोन आठवड्यांत मिटणाऱ्या लहान ब्रँच. महिनोन्‌महिने वेगळी वाढणारी ‘नवी रचना’ नावाची ब्रँच कोणी मागितली तर नम्रपणे नकार द्यावा. ती मर्ज करण्याच्या दिवशी कोणालाच वाचता येणार नाही एवढा फरक समोर येतो आणि लोक डोळे मिटून मान्यता देतात. अशा कामाचे तुकडे मुख्य ब्रँचमध्येच, पण सेटिंग्जमध्ये बंद ठेवलेल्या अवस्थेत, आणावेत. तारखेला काम अपुरे असेल तर ते बंदच राहते आणि गाडी सुटते.

मुख्य ब्रँचवर थेट पुश करण्याची (बदल चढवण्याची) परवानगी कोणालाही, अगदी प्रकल्प सुरू करणाऱ्यालाही, असू नये. प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे तो आत घेण्याच्या विनंतीतून, यावा, चाचण्या हिरव्या (उत्तीर्ण) असाव्यात आणि किमान एका दुसऱ्या माणसाने तो वाचलेला असावा. इथे एक बारकावा सुटतो. दोन पुल रिक्वेस्ट स्वतंत्रपणे हिरव्या असतात, पण एकीने बदललेल्या नावाला दुसरी जुन्याच नावाने हाक मारत असते, आणि दोन्ही मर्ज झाल्यावर मुख्य ब्रँच लाल होते. रस्ट प्रकल्पात म्हणून मर्ज करणारे काम यंत्राकडे आहे : ते बदल मुख्य ब्रँचच्या ताज्या टोकाशी जोडून पाहते, चाचण्या चालवते, आणि त्या उत्तीर्ण झाल्या तरच ब्रँच पुढे सरकवते. गिटहब आणि गिटलॅबवर आता अशी मर्जची रांग लावता येते. दिवसाला दोन-चारच मर्ज होत असतील तर ‘आधी मुख्य ब्रँचशी जुळवून घ्या’ एवढा नियमही पुरतो.

कमिटच्या संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहावे. काय बदलले ते फरकात दिसतेच. एका कमिटमध्ये एकच गोष्ट असावी, आणि प्रत्येक कमिटवर कोड किमान बिल्ड व्हावा, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हावा. ही शिस्त शोभेसाठी नसते. दोन आवृत्त्यांच्या मध्ये कुठे तरी बग शिरला असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा मधला बिंदू काढून दर वेळी निम्मा भाग बाद करते, आणि हजार कमिटमधून अपराधी कमिट साधारण दहा तपासण्यांत हाती येते. मधल्या निम्म्या कमिट बिल्डच होत नसतील तर हे साधन लंगडे पडते. मुख्य ब्रँच लाल झाली तर दुरुस्तीची वाट न पाहता आधी ‘गिट रिव्हर्ट’ करावे, म्हणजे तो बदल मागे घ्यावा, आणि मग शांतपणे कारण शोधावे. रिव्हर्ट झाला म्हणजे आपला अपमान झाला असे वाटणारे कार्यकर्ते असतात. तसे नसते हे योगदानाच्या नियमावलीत एका वाक्यात लिहून ठेवल्याने माझा तरी पुष्कळ मनस्ताप वाचला आहे.

दोन गोष्टी रिपॉझिटरीत येऊ देऊ नयेत. पहिली, मोठ्या बायनरी फाइली : नंतर काढल्या तरी त्या इतिहासात राहतात आणि प्रत्येक नव्या क्लोनबरोबर (रिपॉझिटरीच्या प्रतीबरोबर) लोकांच्या डिस्कवर जातात. दुसरी, पासवर्ड आणि किल्ल्या. किल्ली चुकून पुश झाली तर इतिहास पुन्हा लिहिण्याच्या खटपटीआधी ती किल्ली रद्द करावी, कारण ती एव्हाना कोणी तरी उतरवून घेतली आहे असेच धरून चालायचे असते.

दुरुस्त्यांचा प्रवाह एकाच दिशेने ठेवावा : बग आधी मुख्य ब्रँचमध्ये दुरुस्त होतो, मग ती कमिट चेरी-पिक करून, म्हणजे तेवढीच उचलून, रिलीज ब्रँचवर नेली जाते, आणि मूळ कमिटची ओळख संदेशात नोंदवली जाते. उलट केले, म्हणजे घाईत रिलीज ब्रँचवर दुरुस्ती करून मुख्य ब्रँच विसरली, तर बरा झालेला बग पुढच्या मोठ्या आवृत्तीत परत येतो. लिनक्सच्या स्थिर मालिकेचा नियम याच कारणाने कडक आहे : जो पॅच, किंवा त्याच्या तोडीचा बदल, मूळ शाखेत आधी पोहोचलेला नाही तो स्थिर मालिकेत घेतला जात नाही, आणि पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा अशीही अट आहे.

आपल्याकडचेच उदाहरण पाहायचे तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचा ईआरपीनेक्स्ट पाहावा. तिथे चालू विकासाची ब्रँच ‘डेव्हलप’ आहे, आणि मोठ्या आवृत्तीसाठी ‘व्हर्जन-१५’ ही स्थिर आणि ‘व्हर्जन-१५-हॉटफिक्स’ ही दुरुस्तीची, अशा जोड्या आहेत. दुरुस्ती आधी डेव्हलपमध्ये येते; पुल रिक्वेस्टला बॅकपोर्टचे (दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेण्याचे) लेबल लावले की हॉटफिक्स ब्रँचसाठी दुसरी पुल रिक्वेस्ट यंत्रच उघडते. हिशेबाचे सॉफ्टवेअर असल्याने स्थिर ब्रँचच्या आधी हा एक उंबरठा ठेवणे समजण्यासारखे आहे. लहान लायब्ररीला त्या जादा ब्रँचची गरज नाही.

चौथी पायरी : गोठवणी, आणि भाषांतरकारांचे दिवस

तीन महिन्यांचे चक्र धरले तर तेरा आठवडे हाती असतात. पहिले आठ आठवडे मुख्य ब्रँच सर्व कामांना खुली ठेवावी. नवव्या आठवड्याच्या आरंभी रिलीज ब्रँच फोडावी आणि तिच्यात नवे फीचर घेणे थांबवावे. मुख्य ब्रँच मात्र पुढच्या चक्रासाठी खुलीच राहते, त्यामुळे कोणाचे काम अडत नाही. दहाव्या आठवड्यात पहिली आरसी काढावी, अकराव्या-बाराव्यात गरजेप्रमाणे दुसरी-तिसरी, आणि तेराव्यात शेवटची आरसी आणि मग प्रत्यक्ष आवृत्ती. नियम एकच पाळावा : शेवटची आरसी आणि प्रत्यक्ष आवृत्ती यांत क्रमांकाखेरीज कोणताही फरक नसावा. ‘ही एवढी एक ओळ’ म्हणून आत आलेली ओळ कोणीच तपासलेली नसते.

गोठवणीत सर्वांत दुर्लक्षित राहतात ते भाषांतरकार. त्यांच्यासाठी स्ट्रिंग फ्रीझ म्हणून एक स्वतंत्र तारीख असावी, जिच्यानंतर पडद्यावर दिसणारा कोणताही शब्द बदलायचा नाही. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या प्रचलित पद्धतीत मूळ इंग्रजी वाक्यात नुसता पूर्णविराम जोडला तरी त्याचे भाषांतर संशयित ठरते आणि नेहमीच्या संकलनात वगळले जाते. मराठी पडद्यावर मग एकच ओळ इंग्रजीत दिसते. ज्याने सुट्टीचा दिवस घालवून दोनशे वाक्ये मराठीत आणली, त्याला हे रिलीजनंतर कळते. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पात स्ट्रिंग फ्रीझ मोडायची असेल तर भाषांतर गटाची संमती घ्यावी लागते. आपल्या लहान प्रकल्पातही निदान तसा एक संदेश पाठवण्याची प्रथा ठेवावी.

मात्र भाषांतर फ्रीझनंतर सुरू होणार असे समजू नये. मूळ वाक्यांतले दोष भाषांतर करतानाच उघडे पडतात. ‘अमुक हटवले’ हे वाक्य जोडतोड करून बनवणाऱ्या इंग्रजी भाषक प्रोग्रॅमरला मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो आणि पान हटवले जाते हे सुचण्याचे कारण नाही. हे सांगायला भाषांतरकाराला फ्रीझच्या आधी किमान दोन आठवडे मिळाले पाहिजेत, कारण नंतर त्याचे म्हणणे पटले तरी वाक्य बदलता येत नाही.

पाचवी पायरी : रिलीजचा दिवस

रिलीजची कृती पायरीपायरीने लिहिलेली एक फाइल रिपॉझिटरीत असावी आणि ती कधीही रिलीज न केलेल्या माणसाला समजली पाहिजे. दर वेळी ती समोर ठेवूनच काम करावे आणि जिथे अडखळलो तिथे लगेच दुरुस्त करावी. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये. मंगळवार किंवा बुधवार बरा, म्हणजे पहिल्या तक्रारी येतील तेव्हा माणसे जागी असतात. जाहीर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत द्यावी. ‘मध्यरात्री’ असे लिहिले आणि ती यूटीसीची निघाली, तर पुण्यातल्या माणसासाठी ती पहाटेची साडेपाच असते.

क्रम असा ठेवावा. रिलीज ब्रँचवर क्रमांक बदलणारी एक कमिट करावी आणि बदलांची नोंद पुरी करावी. ही नोंद कमिटच्या यादीवरून यंत्राने काढलेली नसावी. वापरकर्त्याला काय वेगळे दिसेल, काय मोडेल आणि त्याने काय करावे, हे माणसाने माणसासाठी लिहावे, आणि मोडणारे बदल सर्वांत वर असावेत. मग त्या कमिटवर स्वाक्षरी केलेला टॅग लावावा. साधा टॅग म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारी नुसती चिठ्ठी असते. स्वाक्षरीच्या टॅगमध्ये कोणी, कधी आणि कोणत्या किल्लीने हे नोंदलेले असते. त्यानंतर त्याच टॅगवरून, स्वच्छ यंत्रावर, रिलीजच्या फाइली तयार कराव्यात, त्यांचे शा-२५६ चेकसम (फाइलीची ओळख पटवणारे ठसे) काढावेत, आणि प्रसिद्ध करण्याआधी त्या एखाद्या रिकाम्या संगणकावर उतरवून बसवून पाहाव्यात.

‘त्याच टॅगवरून, स्वच्छ यंत्रावर’ या शब्दांवर मी अडून बसतो, आणि त्याला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकसकाला एसएसएचने (दूरच्या संगणकावर) लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेला चोरदरवाजा २९ मार्च रोजी उघडकीस आला. घातक बायनरी भाग चाचणीच्या फाइलींच्या वेषात रिपॉझिटरीतच होता. पण बिल्ड होताना त्याला जागे करणारी स्क्रिप्ट होती ती केवळ रिलीज म्हणून चढवलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सगळा कोड बांधलेल्या एका फाइलीत. रिपॉझिटरी वाचणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते. कोणाच्या तरी लॅपटॉपवर तयार होऊन चढवलेली फाइल आणि सर्वांना दिसणारा टॅग यांच्यातली ही फट बुजवायची असेल, तर बिल्ड यंत्राने करावा, त्याची कृती उघड असावी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कोणी तोच टॅग बिल्ड केला असता बाइटन्‌बाइट तीच फाइल निघावी. डेबियनमध्ये पुनरुत्पादनक्षम बिल्डवर अनेक वर्षे काम चालले आहे. आपल्याकडे सुरुवात म्हणून फाइलीत शिरणारी बिल्डची वेळ काढून तिच्या जागी कमिटची वेळ घातली तरी निम्मा फरक नाहीसा होतो.

एकदा पुश झालेला टॅग पुन्हा हलवायचा नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. एका छोट्या लायब्ररीत टॅग लावल्यावर दहा मिनिटांनी परवान्याची फाइल राहिल्याचे लक्षात आले; कोणी उतरवले नसेल असे मानून मी टॅग पुसला आणि पुढच्या कमिटवर त्याच नावाने लावला. त्या दहा मिनिटांत एका वितरणाच्या यंत्राने जुनी फाइल उचलली होती, तिचा चेकसम नव्या फाइलीशी जुळेना, आणि हा घातपात तर नाही ना अशी रीतसर विचारणा माझ्याकडे आली. तिसरा अंक एकाने वाढवला असता तर काहीच घडले नसते. अंक फुकट असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील गंभीर त्रुटीनंतर २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या एकाच महिन्यात निघाल्या, आणि कोणती सुरक्षित हे प्रत्येकाला क्रमांकावरूनच सांगता आले. पायथनच्या पायपीआय या भांडारात तर त्याच नावाची फाइल पुन्हा चढवूच देत नाहीत. सदोष आवृत्ती ‘यँक’ करता येते, म्हणजे नव्याने कोणाला ती आपोआप मिळत नाही, पण जिचा नेमका क्रमांक कोणी धरून ठेवला आहे त्याला मिळत राहते. आवृत्ती समूळ पुसण्यापेक्षा हेच बरे; मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारावरून ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज काढले गेले तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड कोसळले होते.

सहावी पायरी : सुरक्षेची आवृत्ती

हिचे वेळापत्रक नसते, पण तालीम असावी. त्रुटी कळवण्याचा खासगी पत्ता ‘सिक्युरिटी’ नावाच्या फाइलमध्ये द्यावा. दुरुस्ती खासगी जागी करावी, कारण सार्वजनिक ब्रँचवर ‘इनपुटची तपासणी सुधारली’ एवढी कमिट पडली तरी जाणकार हल्लेखोराला ती वाचता येते. त्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्तीखेरीज दुसरे काहीही घालू नये. लोकांना ती डोळे मिटून बसवता आली पाहिजे. मुख्य ब्रँच आणि आधार चालू असलेल्या सर्व रिलीज ब्रँच यांच्या दुरुस्त आवृत्त्या एकाच वेळी निघाव्यात, नाही तर पहिलीचा फरक वाचून दुसरीवर हल्ला करता येतो. लिनक्स वितरणांना आधी खासगीत कळवायचे असेल, तर त्यांच्या सामायिक ईमेल-यादीवर गुप्ततेची कमाल मुदत चौदा दिवस आहे, हे धरून तारीख ठरवावी.

सातवी पायरी : जुन्या आवृत्त्यांना निरोप

प्रत्येक आवृत्ती निघतानाच तिचा आधार कधी संपेल ते जाहीर करावे. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे सांभाळते. आपण तसे वचन देऊ नये. चालू आणि तिच्या आधीची, अशा दोनच आवृत्त्या सांभाळणे चार माणसांना झेपते. मुदत संपली की ती ब्रँच कुलूपबंद करावी, पुसू नये, आणि टॅग तर कधीच पुसू नयेत.

आठवी पायरी : किल्ल्या कोणाच्या हाती

रिलीज करू शकणारी माणसे किमान दोन असावीत, आणि दुसऱ्याने ती वर्षातून एकदा तरी खरोखर करावी. पायथनमध्ये रिलीज मॅनेजर आवृत्त्यांनुसार नेमला जातो : पाब्लो गालिंदो यांनी ३.१० आणि ३.११ सांभाळल्या, त्यांच्या आधी लुकाश लांगा यांनी ३.८ आणि ३.९. लहान प्रकल्पात हे काम दर चक्राला फिरवावे. नव्या माणसाच्या हाती जाताच कृतीच्या फाइलमधली ‘हे तर सर्वांना माहीतच आहे’ अशी गाळलेली पायरी पहिल्याच दिवशी सापडते.

पुश आणि पॅकेज चढवण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येक खात्यावर दोन टप्प्यांची ओळख सक्तीची असावी. मार्च २०२१ मध्ये पीएचपी या भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर तिचे जनक रॅस्मस लरडॉर्फ आणि विकसक निकिता पोपोव्ह यांच्या नावाने घातक कमिट पडल्या. त्या लवकर ओळखल्या गेल्या, पण त्यानंतर प्रकल्पाने मुख्य रिपॉझिटरी गिटहबवर हलवली आणि दोन टप्प्यांची ओळख अनिवार्य केली. गिटमध्ये कमिटवर कोणाचेही नाव लिहिता येते, ही गोष्ट अनुभवी लोकही विसरतात. एक्सझेडच्या बाबतीत तर अधिकार चोरलेच गेले नव्हते. एकट्या आणि थकलेल्या मेंटेनरवर ‘कामाला वेग नाही’ असा दबाव आणून आणि दोन-अडीच वर्षे नीट काम करून दाखवून ते मिळवले गेले होते. म्हणून मदतीला आलेल्याला पुनरावलोकनाचे काम खुशाल लवकर द्यावे, पण रिलीजची किल्ली उशिराने, आणि एका माणसाच्या थकव्यावर तो निर्णय सोपवू नये. सहा महिने न दिसलेल्या माणसाचे अधिकार काढून घेण्याचा आणि परत आल्यावर एका संदेशावर बहाल करण्याचा नियम असला की कोणाला वाईटही वाटत नाही.

साचलेल्या प्रकल्पात सुरुवात कुठून करावी

आरंभीच्या चारशे कमिटकडे परत येऊ. त्या सगळ्या तपासून मग शिस्त लावू असे म्हटले, तर आणखी अकरा महिने जातील. त्याऐवजी आजच मुख्य ब्रँचवरून रिलीज ब्रँच फोडावी, चाचण्या लाल असतील तर दोष ज्या कमिटपर्यंत पोहोचतो ती रिव्हर्ट करावी, आणि अर्धवट फीचर पुरी करण्याच्या नादी न लागता ती सेटिंग्जमध्ये बंद करावीत. आठवड्याभरात पहिली आरसी काढून नेहमीच्या पाच-सहा वापरकर्त्यांना ती बसवून पाहायला सांगावे. साचलेल्या ढिगात काय मोडले आहे हे तेच सर्वांत लवकर सांगतात. तीन आठवड्यांनी जे असेल ते, मोडणाऱ्या बदलांची यादी वर ठेवून, मोठ्या क्रमांकाने प्रसिद्ध करावे. आणि त्याच दिवशी, टॅग पुश झाल्यावर, तारखांच्या फाइलमध्ये पुढच्या दोन आवृत्त्यांचे दिवस लिहून ती कमिट मुख्य ब्रँचवर पाठवावी.